दौलतआबांचा मॅग्नेटो

भर मे महिन्यात, दुपारी बारा वाजता, जळगावहून नशिराबादला जाणाऱ्या रस्त्यावर एखादा माणूस मोटारसायकलीपाशी उकिडवा बसून तिच्या पोटाला ओल्या फडक्याच्या घड्या लावताना दिसला, तर ते आमचे दौलतआबा पाटील, असं खुशाल समजावं. कोणी थांबून विचारलंच, की आबा शांतपणे सांगत, "ताप चढना शे तिले. अर्धा तासात उतरी जाई."

आबा लोकल बोर्डाचे देवी डॉक्टर. म्हणजे गावोगाव हिंडून पोरांना देवी टोचायच्या. बाकीचे देवी डॉक्टर सायकलीवर नाहीतर बैलगाडीत हिंडत. आबांकडे फटफटी होती. लढाई संपल्यावर लष्कराचं सामान लिलावात निघालं, त्यात त्यांनी ती घेतली. तिचा आवाज दोन कोसांवरून ऐकू येई आणि तो आला की गावातली सगळी पोरं केळीच्या बागांत पसार होत. मग आबांनी युक्ती काढली. गावाच्या अलीकडे इंजिन बंद करायचं आणि फटफटी ढकलत, चोरपावलांनी गावात शिरायचं. सव्वासहा फूट उंचीचा, पांढऱ्या मिशांचा माणूस घामाघूम होऊन एवढं धूड ढकलत चोरपावलांनी येतोय, हे दृश्य मी एकदा पाहिलं आहे. सगळं गाव पाराशी उभं राहून त्यांची वाट बघत होतं.

मी जळगावला शाळेत पदार्थविज्ञान शिकवत होतो आणि मेहरूणला आबांच्या घरापासून तिसऱ्या घरात राहत होतो. आबांची बायको जाऊन बरीच वर्षं झाली होती. रोज सकाळी त्यांच्या ओट्यावर आमचा दोघांचा चहा होई आणि चहाबरोबर वाद. वाद एकच, मॅग्नेटोचा.

मॅग्नेटो म्हणजे इंजिनाला चिकटलेलं नारळाएवढं यंत्र. इंजिन फिरलं की ते स्वतःच वीज तयार करतं आणि पेट्रोल पेटवायला ठिणगी पाडतं. त्याला बॅटरी लागत नाही. पण आबांचा मॅग्नेटो म्हातारा झाला होता. उन्हात तापला की ठिणगी पडायची बंद होई, म्हणून त्या घड्या. माझं म्हणणं असं, की तो काढून टाकावा आणि नव्या मोटारींना असते तशी बॅटरी आणि तिच्या विजेतून ठिणगी पाडणारी कॉइल बसवावी. एका लाथेत सुरू, ऊन असो की थंडी. मी ओट्यावर कोळशाने आकृत्यासुद्धा काढून दाखवल्या.

आबा आकृती नीट बघत आणि मग तिच्यावर चहाचा कप ठेवत.

"मास्तर, शाळेत तुम्ही पोरांना स्वावलंबन शिकवता, आणि माझ्या फटफटीला बॅटरीच्या दारात उभं करता? हा मॅग्नेटो कोणाकडे हात पसरत नही. उसनी ठिणगी पुरत नही, मास्तर!"

"आबा, सगळं जग बॅटरीवर चालायला लागलं."

"मंग जगाला ढकलायला माणसं लागतील."

हा वाद तीन वर्षं चालला. त्यात मी कधीच जिंकलो नसतो. जिंकलो तो आबांच्या जावयामुळे.

आबांना एकच मुलगी, कुसुम. ती धुळ्याला दिलेली. लग्नानंतरच्या वर्षी जावई जळगावला आले, अंगणात फटफटी पाहून हसत हसत म्हणाले, "मामा, हे भंगार अजून ठेवलंय?" एवढंच. आबांनी त्या दिवसापासून धुळ्याचं नाव टाकलं. कुसुमला मुलगी झाली, तेव्हा बारशाला जाऊन पाळण्यात पाच रुपये ठेवून आले, जावयाशी एक शब्द न बोलता. त्यालाही चार वर्षं झाली होती. कुसुमची पत्रं येत. आबा ती वाचत, घडी करून टोपीत ठेवत आणि उत्तर लिहायचं राहून जाई.

एका सकाळी ते पत्र हातात घेऊन माझ्याच घरी आले. असं कधी होत नसे. जावयांना आफ्रिकेत शाळेवर नोकरी लागली होती. रविवारी अकराच्या गाडीने सगळे धुळ्याहून निघणार आणि मुंबईहून बोटीत बसणार. निदान पाच वर्षं येणं नाही. 'आबा, तुम्ही या. सुधा रोज विचारते, आजोबांची फटफटी केवढी आहे?'

"एस्टीने जा आबा," मी म्हटलं.

"पोरीनं फटफटी विचारली शे. तिला टाकीवर बसवून धुळ्यात एक चक्कर मारीन." मग पत्राची घडी टोपीत ठेवत म्हणाले, "आणि जावयाला सांगायचं शे. एकदाही न थांबता जळगावहून आलो म्हणून. मास्तर, तुमची ती कॉइल... बसवून द्या."

मला इतका आनंद झाला, की त्या आनंदाची आज लाज वाटते. शुक्रवारी शाळा सुटल्यावर आम्ही करीममिस्त्रीच्या गॅरेजात गेलो. मॅग्नेटो निघाला, बॅटरी आणि कॉइल बसली. पहिल्या लाथेत फटफटी सुरू झाली. शनिवारी आबा नशिराबादला जाऊन आले, भर दुपारी, एकदाही न थांबता. रविवारी पहाटे पाचला मी स्वतः त्यांना निरोप दिला. नवं धोतर, इस्त्रीचा कोट, आणि मागे बांधलेली शेवेची पिशवी.

आबा सोमवारी संध्याकाळी परत आले. मी धावतच गेलो.

"काय आबा?"

"एकदम फस्क्लास! एकदाही थांबली नही," आबा म्हणाले. "जावई बघतच राहिला."

"आणि नात?"

आबांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. "भिंगरी शे नुसती. दोन वेण्या, लाल रिबिनी. टाकीवरून उतरेचना! आईवर गेली शे, हट्टी. म्हणते, आजोबा, आफ्रिकेला फटफटीवरच जाऊ."

त्या दिवसापासून आबा बॅटरीचे भक्त झाले. एदलाबादच्या बाजारात, बोर्डाच्या कचेरीत, जिथं चार माणसं भेटतील तिथं सांगत, "आमच्या मास्तरांचं डोकं! मॅग्नेटोवर बठ्ठं आयुष्य फुकट घालवलं मी." मी शेजारी उभा राहून नको नको म्हणत असे आणि ऐकत असे. वर्गात विजेचा धडा आला की मी आबांचं उदाहरण देत असे.

पुढे तीन वर्षांनी माझ्या शाळेतल्या एका मित्राने जुनी मोटारसायकल घेतली. त्याला घेऊन मी करीममिस्त्रीकडे गेलो आणि ऐटीत सांगितलं, "आबांच्या फटफटीला केलं तसंच करा. धुळ्यापर्यंत न थांबता गेली होती."

करीमभाईंनी हातातला पाना खाली ठेवला. "कोण गेली होती, मास्तर?"

मग त्यांनी सगळं सांगितलं. बॅटरी आपली आपण भरत नाही, तिला डायनामोने भरावं लागतं. आबा अंधार पडल्यावर कधी फटफटी चालवत नसत, त्यामुळे दिव्यापुरता असलेला तो डायनामो कधीचा मेलाय, हे कोणाला ठाऊकच नव्हतं. "मी विचारलं होतं, डायनामो खोलून बघू का? तुम्ही म्हणालात, गरज नाही, गणित बरोबर आहे."

मी तसं म्हणालो होतो. मला आठवलं.

पारोळ्याच्या पुढे बॅटरी संपली. फटफटी रस्त्यात टाकून जायचं आबांच्या जिवावर आलं. दोन तास ते ती ढकलत राहिले. एक एस्टी आली, भरलेली, थांबली नाही. शेवटी एका गावात लोहाराच्या दारात फटफटी लावली आणि मिळेल त्या ट्रकने धुळं गाठलं. गाडी निघून अर्धा तास झाला होता. रात्र स्टेशनावर काढून दुसऱ्या दिवशी ट्रकमध्ये फटफटी घालून ते थेट गॅरेजात आले. "डायनामो दुरुस्त करून घेतला, आणि मला शपथ घातली," करीमभाई म्हणाले. "मास्तरांना कळता कामा नये. मी आज मोडली."

मला पहिल्यांदा आठवल्या त्या लाल रिबिनी. बारशानंतर आबांनी ती पोर पाहिलीच नव्हती.

मी सरळ त्यांच्या घरी गेलो. आबा तेव्हा नोकरीतून निवृत्त झाले होते. ओट्यावर बसून शेंगा सोलत होते. माझं तोंड बघूनच त्यांना कळलं असावं.

"करीम बोलला वाटतं."

"आबा, तुमचा मॅग्नेटो असता तर दोनदा थांबला असता, पण पोचला असता. माझ्यामुळे तुमची लेक..." मी ओट्यावर बसलो. "मला सांगितलं का नाही? चार शिव्या द्यायच्या होत्या."

आबा सोललेले दाणे एका बाजूला करत राहिले.

"शिव्या दिल्या असत्या तर तुम्ही ऐकून घेतल्या असत्या. मंग लाजेनं चार दिवस आले नसते. मंग आठ दिवस. मंग तुम्हाला दुसरं काम निघालं असतं." त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "लेक तर गेलीच व्हती, मास्तर. सकाळच्याला माझ्याकडे दुसरं कोण येतं?"

मी त्यांच्यासमोरच्या चार शेंगा सोलल्या. थोड्या वेळाने उठलो आणि घरी आलो.

दुसऱ्या दिवशी रोजच्यापेक्षा अर्धा तास आधी निघालो. आबा रस्त्यापर्यंत येऊन माझ्या घराकडे बघत उभे होते. मी दिसताच घाईघाईने आत वळले, जणू काही कामासाठीच बाहेर आले होते.