केवळरामच्या टाकीतल्या दोन बाटल्या

केशोरी गावच्या केवळरामने ठरवलं की या उन्हाळ्यात आपण घरातलं पाणी वाचवायचं, आणि तेही कोणाला न सांगता! सांगूनसवरून केलेल्या त्याच्या कामांवर घरात आजवर नुसतं हसणंच झालं होतं. त्याने नळ दुरुस्त केला तर स्वयंपाकघरात कारंजं उडालं, पंखा दुरुस्त केला तर तो उलटा फिरू लागला. पण यंदा प्रश्न गंभीर होता. उन्हाळी धानामुळे गावच्या बोअर तळाला गेल्या होत्या, गच्चीवरची टाकी दुपारीच कोरडी पडायची, आणि संडासातला फ्लश मात्र दर वेळी दहा लिटर पाणी ऐटीत गिळायचा. वाटीभर कामाला बादलीभर पाणी कशाला, एवढाच केवळरामचा सवाल होता.

उपाय त्याला मोबाईलवर सापडला. अर्ध्या लिटरच्या दोन प्लास्टिकच्या बाटल्या पाण्याने भरायच्या, झाकणं घट्ट लावायची आणि फ्लशच्या टाकीत उभ्या करायच्या. बाटल्यांनी जेवढी जागा अडवली तेवढं पाणी दर वेळी वाचतं. यात पाना लागत नाही की पेचकस, म्हणजे बिघडण्यासारखं काही नाही.

रविवारी सकाळी दोन्ही बाटल्या शर्टाच्या आत दडवून स्वारी संडासात शिरली. काम पाच मिनिटांत झालं. पण आपलं एखादं काम पहिल्याच झटक्यात जमलंय यावर त्याचा विश्वास बसेना, म्हणून थोड्या वेळाने तो पुन्हा पाहायला गेला. मग पुन्हा. दुपारपर्यंत सहा फेऱ्या झाल्या. आत फिनाईलचा वास डोक्यात जायचा म्हणून तोंडात लवंग धरलेली, आणि बाहेर येताना प्रत्येक वेळी गाणं गुणगुणणं चाललेलं.

अंगणात तांदूळ निवडत बसलेली त्याची बायको धुरपता या फेऱ्या मोजत होती. तीन वर्षांपूर्वीपर्यंत हाच माणूस सकाळ-संध्याकाळ मोहाची दारू प्यायचा. मग एक दिवस तिच्या डोक्यावर हात ठेवून त्याने ती सोडली, आणि खरोखरच सोडली. त्याच बळावर धुरपता गावच्या दारूबंदी समितीची अध्यक्ष झाली होती. दर सभेत ती उभी राहून म्हणायची, मी माझ्या घरापासून सुरुवात केली. आणि आज तोच नवरा फुगलेला शर्ट घेऊन आत जातो, लवंग चघळत, गाणं म्हणत बाहेर येतो! तिने तांदळाचं सूप बाजूला सारलं.

तिने जाऊन फ्लशच्या टाकीचं झाकण उचललं. आत दोन बाटल्या, आणि त्यांत नितळ, बिनरंगाचं काहीतरी. मोहाची दारूही दिसायला अशीच पाण्यासारखी असते, आणि गावात ती अशाच बाटल्यांतून विकली जाते. धुरपता दोन हातांत दोन बाटल्या घेऊन बाहेर आली. ती ओरडली नाही, म्हणून केवळराम जास्तच घाबरला.

"पानी हाये ते," तो म्हणाला.

"पान्याच्या टाकीत पानी लपवतेत का जी?"

तेवढ्यात शेजारची नंदाबाई कुंपणाशी येऊन उभी राहिली. ती समितीची सचिव. केवळरामने मोबाईल काढून युक्ती दाखवायचा प्रयत्न केला, पण रेंज गेली होती. मग तो म्हणाला, आत्ता तुमच्यासमोर पिऊन दाखवतो. नंदाबाई म्हणाली, वा, म्हणजे दारू असली तरी तुमचाच फायदा. वास घ्यायला गेली तर बाटलीला फिनाईलशिवाय कसलाच वास नाही. झाकणभर चुलीत ओतून पाहिलं, तर जाळ चर्र करून विझला. केवळरामला हायसं वाटलं. पण नंदाबाई म्हणाली, आजकाल भेसळ एवढी असते की दारूही पेटत नाही.

आता चाखून कोण सांगणार? संडासाच्या टाकीतली बाटली तोंडाला लावायला कोणीच तयार होईना. शेवटी भैय्यालालला बोलावलं. समितीने त्याला चार वेळा पिताना पकडलं होतं, तेव्हा त्याचा अनुभव वादातीत होता. आधी तो बिचकला.

"मले फसवून रायल्या का बाई?"

मग त्याने एक घोट घेतला आणि त्याचा चेहरा पडला. "पानी हाये," तो दुःखाने म्हणाला, "तेबी याच्याच बोअरचं." आशेने त्याने दुसरीही चाखली, आणि मान हलवत सरळ घरी निघून गेला.

धुरपताचे डोळे भरून आले. तिच्या माणसाचा शब्द शाबूत होता! मग तिला हसू फुटलं ते थांबेना. केवळरामने बाटल्या भरून पुन्हा टाकीत ठेवल्या आणि फ्लश ओढून दाखवला, तेव्हा तिने नंदाबाईलाही हाताला धरून आत नेलं आणि वाचलेलं पाणी कौतुकाने दाखवलं.

दुसऱ्या दिवशी हीच युक्ती घरोघरी सांगायला समितीच्या बाया निघाल्या. पहिल्याच घरी टाकीचं झाकण उचललं, तर बाटली आधीच उभी! दुसऱ्या घरी दोन. पाच घरांत मिळून सात बाटल्या निघाल्या, आणि पाचही घरधनी एका सुरात म्हणाले, "पानी वाचवून रायलो जी."

पुन्हा भैय्यालालला बोलावणं गेलं. या वेळी तो धावतच आला. एका घोटाने नीट कळत नाही म्हणून एकेक बाटली त्याने तळापर्यंत तपासली. सातवी संपवून तो भिंतीला धरत उभा राहिला आणि हात उंचावून म्हणाला, "सगळं पानीच हाये." एवढं बोलून तो तिथेच ओट्यावर आडवा झाला.

बाया पदर तोंडाला लावून हसत सुटल्या. सगळ्यांत जास्त धुरपता हसत होती. हसता हसता ती एकदम थांबली. कालही 'पानी हाये' असं भैय्यालालच म्हणाला होता.

ती तडक घरी आली. केवळराम गच्चीवरच्या टाकीत अजून किती पाणी उरलंय ते वाकून पाहत होता आणि खुशीत होता.

"खाली या जी," ती म्हणाली. "अन् आ करा."