‘अहो’ म्हणजे डावीकडे

सुमनकाकू कुत्र्यांना ‘अहो’ म्हणतात.

लाडाने नाही, आणि थट्टेने तर नाहीच. पुढे सहा कुत्री जुंपलेली, मागे चाकं नसलेली लांब लाकडी स्लेड, तिच्या मागच्या दोन पट्ट्यांवर सासष्ट वर्षांच्या काकू उभ्या. डोक्याला लाल मफलर, हातात हँडल. वाटेला डावं वळण आलं की त्या खणखणीत हाक मारतात, “अहो!” आणि सहाच्या सहा कुत्री डावीकडे वळतात.

इथे कॅनडात या कुत्र्यांची भाषा ठरलेली आहे. उजवीकडे वळायला ‘जी’ आणि डावीकडे ‘हॉ’. पहिल्याच दिवशी मी त्यांना म्हटलं, “काकू, ते हॉ असतं. अहो नव्हे.”

“कुत्री वळली ना?”

“वळली.”

“मग तू गप बस.”

तेव्हा मी स्लेडमध्ये सामानासारखा बसलेलो होतो, म्हणून गप बसलो. एरवी मी कुणाचं ऐकून घेत नाही. माझा धंदा जुन्या मालाचा. अकोल्याहून आलो, एडमंटनमध्ये एका बेसमेंटात राहून जुने विंटर टायर विकायला लागलो, आणि आज बर्फ उडवणाऱ्या स्नोब्लोअरपासून बर्फावर पळणाऱ्या स्नोमोबाइलपर्यंत सगळं माझ्या यार्डात उभं आहे. घासाघीस करून मला हरवलेला माणूस अजून भेटायचा आहे. बाई भेटली. हा राग आधीच सांगून टाकतो, कारण तो अजून गेलेला नाही.

झालं असं, की नोव्हेंबरात मराठी लोकांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर काकूंनी टाकलं: ‘सहा कुत्री, स्लेड, सगळं सामान एकत्र द्यायचं आहे. मार्चनंतर मुलीकडे मिल्टनला कायमची जात आहे.’ लोकांनी हात जोडलेले इमोजी टाकले. मी गाडी काढली. बर्फात कुत्र्यांच्या गाडीतून फेरी, फोटो, गरम चहा. टुरिस्ट रांगा लावतील, हे मला स्टिअरिंगवरच दिसायला लागलं होतं.

शहरापासून तासाभरावर त्यांचं घर. मागे सहा खोपटी, सहा कुत्री. मी सिनेमातली गुबगुबीत निळ्या डोळ्यांची कुत्री मनात धरून गेलेलो. ही सडपातळ, लांब पायांची. मी घासाघिशीला तोंड फोडलं, “काकू, उपाशी दिसतात हो.”

“पळणारी आहेत. बसून दाखवायची नाहीत. तुझ्यासारखी पोटं सुटली तर स्लेड कोण ओढेल?”

नावं विचारली तर बुटीबोरी, सिंदी, सेवाग्राम, वर्धा... नागपूर-वर्धा पॅसेंजर जिथे जिथे थांबते ती सगळी स्टेशनं. काकू वर्ध्याच्या. नावं त्यांच्या यजमानांनी, दिगंबररावांनी ठेवली होती. रिटायर झाल्यावर इंजिनिअर माणसाला काय सुचलं देव जाणे, त्यांनी कुत्री आणली. दोन वर्षांपूर्वी जानेवारीत ते गेले. कुत्री राहिली.

मी विचारलं, “मग मला देणार ना?”

“बघू.”

हा ‘बघू’ माझ्या आयुष्यात तेव्हा आला आणि चार महिने राहिला. काकूंची अट होती: घेणाऱ्याने आधी हिवाळाभर दर शनिवारी यायचं, शिकायचं, मग मार्चमध्ये त्या हो की नाही ते सांगणार. मी चिडलो. “जुनी कार घेताना कुणी चार महिने ती धुऊन देतं का?”

“कारला कळत नाही कोण चालवतोय,” म्हणाल्या, आणि माझ्या हातात फावडं दिलं. बर्फ शोव्हल करायचं असेल असं वाटलं. तर ते बर्फाचं नव्हतं, कुत्र्यांच्या मागचं होतं.

पण खरं सांगू? पहिल्या फेरीतच मी गेलो कामातून. हार्नेस बाहेर काढले आणि सहाही कुत्र्यांनी असा गोंधळ मांडला, की लग्नात वरातीचा बँड परवडला. उड्या, किंचाळ्या, दोऱ्या चावणं. वर्धा तर चारही पायांवर हवेत. स्लेड झाडाला बांधलेली, झाड हलतंय. काकूंनी गाठ सोडली आणि एका क्षणात सगळं गप्प! फक्त पट्ट्यांची सरसर आणि कुत्र्यांचे श्वास. दोन्ही बाजूंनी झाडं मागे पळतायत, गालांवर बर्फाचे कण, आणि मी, पंचेचाळीस वर्षांचा गजानन, तोंड उघडून हसतोय. स्नोमोबाइल मी शेकड्याने विकल्यात. त्यातलं एकही जनावर आनंदाने पळत नाही.

काकूंचं दुसरं पालुपद म्हणजे “हँडल सोडायचं नाही.” पडलास तरी, फरपटलास तरी, नाक फुटलं तरी. तुम्ही हँडल सोडलंत की कुत्री तुमची वाट बघत थांबत नाहीत, ती पुढच्या गावाला जातात. जानेवारीत त्यांनी मला मागे उभं केलं आणि स्वतः स्लेडमध्ये पांघरूण घेऊन बसल्या. तेवढ्यात खिशात फोन वाजला. कानात ब्लूटूथचं बटण होतंच. गिऱ्हाईक नागपूरचं, मी अकोल्याचा. आमच्याकडे होकार द्यायचा तर एकच शब्द. मी म्हटलं, “हाव जी! हाव जी, हाव!”

पुढे बुटीबोरी आणि सिंदी शेजारी शेजारी जुंपलेल्या. ‘हाव’ ऐकून सिंदी डावीकडे, ‘जी’ ऐकून बुटीबोरी उजवीकडे. मागचे चौघे कुणाचं ऐकावं या विचारात एकमेकांवर. दोऱ्यांचा शेवयांसारखा गुंता, काकू झुडपात आणि माझ्या कानात गिऱ्हाईक, “मग सौदा पक्का समजू का जी?”

झुडपातून आवाज आला, “हँडल सोडलं नाहीस ना?”

“नाही.”

“मग शिकशील.”

त्या दिवशी मला कळलं की काकू वर्ध्याच्या असून कुत्र्यांसमोर ‘हाव’ का म्हणत नाहीत. जेवायला आहे का? तर “वाढते.” थंडी आहे? तर “आहे की.” आणि सौद्याचं विचारलं की “बघू.”

अशा बाईकडून होकार कसा काढायचा? मी सगळे डाव टाकले. रागावून निघून गेलो, पुढच्या शनिवारी परत आलो. दुसरीकडे कुत्री बघतोय म्हटलं, तर म्हणाल्या, “बघ, चांगली असतील तर मलाही सांग.” चार महिने मी कुत्र्यांसाठी सूप शिजवलं, त्यांच्या पंजांना मोजे चढवले, फावडं चालवलं. फुकट. अकोल्यात कळलं तर घराण्याची अब्रू जाईल.

मार्चच्या शेवटच्या शनिवारी मी मोठा ट्रक घेऊनच गेलो. मुलीने तिकीट काढलं होतं. फोनवर तिचा आवाज मला बाहेरपर्यंत ऐकू आला: “आई, बी प्रॅक्टिकल. इथे तुझी रूम रेडी आहे.” काकू बाहेर आल्या, माझ्याकडे न बघता म्हणाल्या, “शेवटची फेरी मारू. मग चढव ट्रकमध्ये.”

जिंकलो, असं मला वाटलं. हँडलवर मी, स्लेडमध्ये काकू. बर्फ घट्ट होता, कुत्री वाऱ्यासारखी. परतीच्या फाट्यावर उजवीकडे घर आणि माझा ट्रक, डावीकडे गोठलेल्या तळ्याला मोठा वळसा. मी ‘जी’ म्हणायला तोंड उघडलं आणि समोर बसलेल्या काकू हळूच म्हणाल्या,

“अहो.”

सहाही डावीकडे वळली. मला पायाखालचा ब्रेक दाबता आला असता. नाही दाबला.

तळ्यावर आल्यावर त्या पुढे बघतच बोलायला लागल्या. “हे मागे उभे असायचे, तू उभा आहेस तिथे. मी भिऊन ओरडायची, अहो, हळू! की कुत्री डावीकडे. दर वेळी झुडपात. शेवटी हे म्हणाले, आता नावाने हाक मार, नाहीतर मरू दोघं. एकतीस वर्षांत कधी घेतलं नव्हतं. घेतलं. ओरडले, दिगंबर! तर या माणसाने आनंदाने हँडलच सोडलं.”

“मग?”

“मग काय, मी एकटी पार तळ्याच्या पलीकडे.” त्या हसल्या. मग पांघरूण गुडघ्यांवर ओढून घेतलं. “आता घरात अहो म्हटलं की कुणी मान वळवत नाही रे. इथे सहा जण वळवतात.”

वाऱ्याने डोळ्यांत पाणी येतं, तेवढंच.

आम्ही घरी आलो. काकू स्लेडमधून उतरल्या, कपडे झटकले, कोरड्या आवाजात म्हणाल्या, “चल, चढव. वर्धाला आधी घे, ती गाडीत ओकते.”

माझं डोकं तापलं. कुणावर ते माहीत नाही. मी पट्ट्यांवरूनच ओरडलो, “काही चढवत नाही! चार महिने माल तपासला, माल सदोष आहे. मालकाचं ऐकत नाहीत, घर समोर असताना डावीकडे वळतात. टुरिस्टांना काय तळ्याभोवती फिरवू?”

काकू म्हणाल्या, “फुकट देते.”

“फुकट नको! आणि दुसरा कुणी आला तर त्यालाही मी हेच सांगणार. मुलीला कळवा, गिऱ्हाईक पळालं म्हणून. तिकीट फिरवा. शनिवारी मी येतोच आहे फावडं मारायला. कळवाल ना?”

मफलरचं टोक त्यांनी डोळ्यांना लावलं. आणि चार महिने जो शब्द मी घासाघीस करून, चिडून, सूप शिजवून मागत होतो, तो त्या बाईच्या तोंडून पहिल्यांदा निघाला.

“हाव,” काकू म्हणाल्या.

बोलण्याच्या नादात माझा पाय ब्रेकवरून सुटला होता. सहाही कुत्री डावीकडे वळली आणि माझ्या ट्रकला वळसा घालून परत तळ्याकडे सुसाट निघाली, मागे मी, आधी उभा, मग गुडघ्यांवर, मग पोटावर.

हँडल मात्र सोडलं नाही.