खाटेवरच्या मिरच्या

शमुवेलमामा सकाळी कुणाला रामराम करत नसत. विचारत, "काय दिसलं?" स्वप्न सांगितलं की पुढचा सवाल, "रात्री काय खाल्लं?" पिठलं म्हटलं की हात झटकत. "पोटातलं सपन. देवाचं न्हाई."

टेंभुर्णीत ते आमचे शेजारी. एकटा माणूस, एक खाट. प्रार्थनाघर झाडायचे, बायबल वाचायचे. देवानं फारो राजाला स्वप्नात सात रोड गायी दाखवल्या, हे त्यांनी इतक्यांदा सांगितलं की मला आमच्या म्हशीचीही भीती वाटायला लागली.

"मामा, तुम्हाला काय दिसतं?"

"मला एकदाबी न्हाई पडलं. पण खोटं सपन सांगणार न्हाई. तसल्याला देव सोडत न्हाई." देवाला ते खरंच भ्यायचे.

निजामाच्या राज्याचं ते शेवटचं वर्ष. बंदूकवाले गावं जाळत फिरत होते. अर्धी आळी वऱ्हाडात पळाली. घागर वाजली तरी मी दचकायचे. वडील आधीच वारलेले, आणि आई हलेना. म्हैस आठ दिवसांत विणार होती.

एका सकाळी मामा दारात आले. तोंड पांढरं. "अक्का, मला पडलं."

आईनं शेणाची पाटी खाली ठेवली. "काय दिसलं?"

"बाळ येशूला घेऊन पळ म्हणून देवानं त्याच्या बापाला सपनात सांगितलं, तसंच. पोरीला घे आन् हद्दीपार जा. आजच."

आईनं त्यांना निरखलं. "रात्री काय खाल्लं व्हतं?"

"पाणी पेलो फकस्त."

"आन् म्हैस?"

"तिचंबी सांगितलं. ती माझ्याकडं."

गाठोड्याला दोरी हवी म्हणून मी त्यांच्या घरात गेले. खाटेवर काल वाळत घातलेल्या मिरच्या तशाच पसरलेल्या. एकही चेपलेली नव्हती. वाकळ खुंटीवर, घडी न मोडलेली. वळले तर मामा दारात. त्यांनी खाटेकडं पाहिलं, मग दोरी काढून माझ्या हातात दिली.

तिसऱ्या दिवशी आमची आळी जळाली.

निजामाचं राज्य गेलं, तसे दिवाळीला वऱ्हाडातून परतलो. म्हैस, रेडकू आणि मामा, तिघंही प्रार्थनाघरात राहत होते. मामा वाळले होते. सकाळी कुणाला काही विचारत नसत.

आई त्यांच्या पाया पडली. "देवानं तुमच्या सपनात येऊन वाचवलं."

मामा रेडकाची मान खाजवत राहिले. आई पाण्याला गेल्यावर मला म्हणाले, "मिरच्यांचं अक्काला सांगू नको. देवाला मी सांगितलंय."

"मंग? काय म्हणला?"

"अजून काहीच न्हाई."