प्रभावतीबाईंच्या कानातली गौतमी

गौतमीनं सकाळीच नवऱ्याला ठणकावलं होतं, "आज माझा करार वर्षभरासाठी पक्का झालाच म्हणून समज! प्रभावतीबाई आता माझ्या आवाजावर चालतात!"

आणि खोटं नव्हतं हो. जयपूरमधल्या प्रताप नगरच्या त्या शाळेत गौतमी शिक्षकांना शिकवायला होती. या पदाला पूर्वी निरीक्षक म्हणत, मग मार्गदर्शक, मग मेंटॉर. यंदा म्हणे कोच! पद्धतही ताजी, मागच्या बाकावर बसून बघणं बंद. शिक्षिकेच्या कानात इवलंसं यंत्र, आणि शेजारच्या सामानाच्या खोलीत बसून कोचनं कॅमेऱ्यातून वर्ग बघत कुजबुजायचं. नियम एकच: ऐकलं की करायचं, विचारायचं नाही. प्रभावतीबाई मूळच्या भुसावळच्या, नवऱ्याच्या रेल्वेतल्या बदलीमुळे इथं आलेल्या, तेवीस वर्षं शिकवणाऱ्या. तीन आठवड्यांत त्यांचा वर्ग असा काही सुधारला, की संस्थेचे अध्यक्ष रणजीतजी आज जातीनं बघायला येणार होते.

दुपारी दोनला आभाळ पिवळंधमक झालं. आंधी, म्हणजे इथलं धुळीचं वादळ! सामानाच्या खोलीत गौतमी, लॅपटॉप आणि जीवशास्त्राचा सांगाडा, एवढेच. तेवढ्यात मोबाइल वाजला. मुरलीपुऱ्याच्या घरून सासरे, वसंतराव.

"अगं, केवढी धूळ ही! काय करू?"

"बाबा, आधी खिडक्या लावा!"

पडद्यावर प्रभावतीबाईंनी खिडक्या लावल्या.

गौतमीनं जीभ चावली. अगं बाई, माइक चालूच! तिनं तो घाईघाईनं बंद केला. लाल खूण आली. हुश्श!

"आता पंखा बंद करा, बाबा."

पडद्यावर बाईंनी पंखा बंद केला.

गौतमीनं लाल खूण पुन्हा निरखून बघितली. माइक तर बंद! तिनं मोबाइल तोंडाशी धरून अगदी हळू म्हटलं, "दाराला कडी..." आणि बघते तो काय, कडी आधीच लागलेली! बाई आता शब्दाच्या पुढं धावत होत्या. बाहेर वारा घोंगावला, सांगाड्याची हाडं खुळखुळली. तिनं फोन ठेवला, तोंड घट्ट मिटलं आणि मनात एवढंच आलं: पोरांना खिडकीपासून हलवायला हवं. पडद्यावर चाळीस पोरं मुकाट उठली आणि दाराकडच्या भिंतीला जाऊन बसली.

मग प्रभावतीबाईंनी सावकाश कॅमेऱ्याकडे बघितलं आणि ओठांवर बोट ठेवलं.

गौतमी किंचाळलीच! त्याच क्षणी खळ्ळकन खिडकीची काच फुटून रिकाम्या बाकांवर पडली. ती धावत बाहेर आली. व्हरांड्यात एक पांढरीफटक आकृती वर्गाचं दार बडवत होती. ते रणजीतजी होते, डोक्यापासून बुटापर्यंत धुळीनं माखलेले. वारा ओसरला तेव्हा कुठं बाईंनी कडी काढली.

"सर, ग़लती मेरी है!" गौतमी रडवेली झाली. "मैं ससुरजी से बात कर रही थी, माइक खुला रह गया, मैडम ने सब वही किया!"

रणजीतजींनी काचेकडे बघितलं, मग पोरांकडे.

"ग़लती? आपकी आवाज़ से चालीस बच्चे बच गए! एक नहीं, दो साल का करार!"

ते तोंड धुवायला गेले. प्रभावतीबाईंनी पर्समधून रुमालाची पुरचुंडी काढली. आत सुपारी आणि कानातलं यंत्र.

"हे ठेव तुझं. पहिल्याच दिवशी कान ठणकला, तेव्हापासून पर्समध्येच आहे."

"मग तीन आठवडे..."

"अगं, तू मागच्या बाकावरून उठून पलीकडच्या खोलीत गेलीस ना, तेव्हापासून पोरं मागं वळून तुझ्याकडे बघायचं सोडून वहीत बघायला लागली. आणि जयपुरात आंधी आली की काय करायचं, हे कानात सांगावं लागतं होय? ओठांवरचं बोटही पोरांसाठीच, ती कॅमेऱ्याखालीच बसली होती ना! तुझी नवी नोकरी, म्हटलं कशाला मोडता घालू."

गौतमीला जमिनीनं पोटात घ्यावं असं झालं.

"बाबांना दाराच्या फटीत ओलं फडकं लावायला सांगितलंस?"

"नाही. पण आता तर वारा..."

"ऐकलं की करायचं, विचारायचं नाही."

गौतमीनं मुकाट्यानं मुरलीपुऱ्याला फोन लावला.