टोकियो ते हेलसिंकी, दोऱ्याने

उर्होने शाळेत एकतीस वर्षं भूगोल शिकवला होता. त्यामुळे पृथ्वीविषयी कुणाला काही विचारणं त्याला कमीपणाचं वाटे. (बायकोला विचारणं तर फारच.) चार वर्षांनी टोकियोहून मुलगी साइला घरी येणार होती आणि त्याने तिला फोनवर शब्द देऊन टाकला होता, "तू फाटकातून आत पाऊल टाकशील तेव्हा आपली सौना बरोबर ऐंशी अंशांवर तापलेली असेल."

"मग कधी पोचते ते तिलाच विचार ना," बायको, तेर्तू, म्हणाली.

"विचारायचंय काय त्यात? विमान आपल्या सकाळच्या सहाला सुटतंय. पुढचं गणित."

त्याने माळ्यावरून शाळेतला पृथ्वीगोल काढला आणि तेर्तूच्या शिवणाच्या डब्यातला दोरा टोकियोपासून सायबेरियावरून हेलसिंकीपर्यंत ताणला. सात हजार आठशे किलोमीटर. ताशी नऊशेने पुरते नऊ ताससुद्धा नाहीत. सामान आणि टॅक्सी धरून चार वाजता पोरगी दारात. तेर्तूने काहीतरी बोलायला तोंड उघडलं, मग बटाटे सोलायला घेतले.

चारला परसातली सौना, ती लाकडांनी तापवायची वाफेच्या आंघोळीची खोली, ऐंशीवर होती. फाटक मात्र गप्प होतं.

"वारा समोरून असेल," उर्हो म्हणाला आणि आणखी लाकडं घातली.

पाच वाजता त्याने खात्री करायला आत बसून पाहिलं. सहाला पुन्हा. पाहुणा येण्याआधी सौना गार पडली तर गावात तोंड दाखवायची सोय उरणार नव्हती, आणि पाहुणा तर पोटची पोर. सातला लाकडाच्या कोठीत सालपटंच उरली होती. शेंदरासारखा लाल झालेला उर्हो टॉवेल गुंडाळून कोठीपुढे उभा राहिला. लाकडंच नाहीत, तर कोठीला दार कशाला हवं? त्याने कुऱ्हाड उचलली.

आठ वाजता टॅक्सी थांबली. साइला बॅग टाकून धावत सौनेपाशी गेली, भिंतीवरचा आकडा पाहिला आणि बापाच्या गळ्यातच पडली. "ऐंशी! बाबा, अगदी मिनिटावर! कसं जमवलंस?"

उर्होला भरून आलं.

"रशियावरून विमानांना वाट बंद," साइला म्हणाली, "ध्रुवावरून वळसा घालून तेरा तास. लोक नेहमी चुकतात, पण तू भूगोलवाला!"

उर्होने तेर्तूकडे पाहिलं. सगळ्या देशाला ठाऊक असलेली गोष्ट त्याच्या दोऱ्याला तेवढी ठाऊक नव्हती.

"तुला माहीत होतं?" त्याने हळूच विचारलं.

"सकाळीच. मी विमानतळावर फोन करून विचारलं होतं."

"मग बोलली का नाहीस?"

"तू ऐकलं असतंस? शिवाय ते कुजकं दार काढ म्हणून तीन वर्षं तुझ्यामागे लागले होते."

साइला टॉवेल घेऊन आत निघाली होती. दारातून वळून म्हणाली, "बाबा, एकवीस तारखेला परत जायचंय. जातानाही तेवढाच वेळ लागेल का रे?"

उर्होने एकदा आभाळाकडे पाहिलं, मग बायकोकडे.

"आईला विचार," तो म्हणाला.