वजीरचा मालक कोण?

आधी गप ऐक, मधे बोलू नकोस. आमच्या मेढ्याचा वीरधवल. त्याची नि क्रांतीवहिनींची फारकत झाली, पोरगी अंकिता वहिनींकडं कराडला. कोर्टानं पोरीची पोटगी लावली, हा थोडे दिवस भरत होता, मग थांबला. वहिनी परत कोर्टात गेल्या. वकिलानं ह्याला बजावलं, जप्ती येईल, आणि जप्तीत काही सापडलं नाही तर तू आत जाशील. ह्यानं निम्मंच ऐकलं. जप्तीचं.

लगेच मोटरसायकल आईच्या नावावर, ट्रॅक्टर मेव्हण्याच्या. राहिला वजीर, ह्याचा शर्यतीचा बैल. पोरीचा वाढदिवस विसरेल, पण वजीरचा खुराक नाही. तर वजीर चुलत्याचा, नाथाजीकाकांचा, असं शपथेवर सांगून मोकळा. मी म्हटलं, अरे पोरीच्या दप्तराला देत नाहीस नि बैलाला बदाम चारतोस? तर म्हणतो, "बैल माझा हाय कुठं? काकांचा हाय."

परवा कराडजवळ शर्यतीचं मैदान होतं, पुकारायचा माईक माझ्याकडं. फायनलला वजीरची गाडी सगळ्यांच्या पुढं. मी पुकारलं, मालकानं ढाल घ्यायला यावं. काका फेटा बांधून तयारच. फोटो निघायला लागले. वीरधवल खाली दात खात उभा. मी आपलं सवयीनं बोलून गेलो, बैल घडवावा तर नाथाजीरावांनीच. झालं. गडी वर चढला, माझ्या हातचा माईक हिसकला.

"मालक मी हाय. काकाला कासरा बी धरता येत न्हाई."

शिट्ट्या पडल्या. आणि गर्दीतनं क्रांतीवहिनी आल्या, अंकिताचा हात धरून, मागं कोर्टाचे बेलीफ. हा घरी कधी घावायचा नाही, पण मैदान चुकवणार नाही, हे वहिनींना पक्कं ठाऊक.

बेलीफ शांतपणे म्हणाले, "परत एकदा सांगा, मालक कोण?"

"काका," वीरधवल पुटपुटला.

"मग तुमच्याकडं जप्त करायला काहीच नाही. कोर्टाला तसं कळवतो. तुरुंगाचं कोर्ट बघेल."

काका लगेच पुढं. "व्हय सायेब, माझाच हाय. उद्याच जतच्या पार्टीला विकून टाकतो."

वीरधवलनं माझा म्हणावं तर जप्ती, काकांचा म्हणावं तर बैलही गेला नि हाही आत गेला. त्यानं माईक माझ्या हातात कोंबला. "गड्या, तूच सांग रं आता."

समोर अंकिता वजीरच्या कपाळावर हात फिरवत उभी, आणि तो दांडगा बैल मान खाली घालून उभा. मी पुकारलं, "वजीरची मालकीण, कुमारी अंकिता वीरधवल, यांनी ढाल घ्यायला यावं."

असल्या टाळ्या मी कधी ऐकल्या नाहीत. एवढ्या लोकांपुढं नाही म्हणायची ना काकांची छाती, ना ह्याची. बेलीफ म्हणाले, मालकीचं कोर्ट ठरवेल, तोवर बैल वहिनींच्या दारात राहू दे. वजीर कराडला गेला, आणि दुसऱ्या दिवशी कोर्ट उघडायच्या आधी वीरधवल पायरीवर बसलेला, थकलेली सगळी पोटगी घेऊन.

आता काका बोलत नाहीत, हा बोलत नाही, आणि पुढच्या मैदानाचा माईक पण गेला. तू सांग, माझ्या जागी तू काय पुकारलं असतंस?