धुऱ्यावरची हजेरी

चारपेक्षा जास्त माणसं एका जागी दिसली की नगराळे मॅडम हजेरी घेतात. वर्गात घेतात ते ठीक, त्याचा पगार मिळतो. पण बसमध्ये, बँकेच्या रांगेत, लग्नात आणि एकदा तर तेरवीच्या पंगतीतसुद्धा त्यांनी हजेरी घेतलेली मी पाहिली आहे. आमच्या जुन्या प्राचार्यांच्या वडिलांची तेरवी होती. पानं वाढून झाली होती. मॅडमनी पंगतीवरून एकदा नजर फिरवली आणि भर मांडवात विचारलं, "धाकटे जावई कुठं आहे?"

धाकटे जावई रुसून निघून गेलेत ही बातमी तोवर यजमानांनासुद्धा नव्हती. दोघांना मोटरसायकलवर पिटाळलं, जावयांना देवळीच्या बसस्टँडवरून उचलून आणलं, आणि मगच पहिला घास कुणाच्या तोंडात गेला. भात तोवर गार झाला होता. मॅडमचे आभार कुणीही मानले नाहीत.

त्यांचं स्वतःचं असं एक शास्त्र आहे. "गैरहजर म्हणजे नाई, असं नसते सर. गैरहजर म्हणजे दुसऱ्या ठिकाणी हजर. ते ठिकाण आपल्याले शोधा लागते." हे त्या इतक्या वेळा म्हणतात की आमच्या प्यूनलाही पाठ आहे. जागेवर नसला की तोही हेच सांगतो.

मॅडम समाजशास्त्र शिकवतात, मी इतिहास. आमचं कॉलेज देवळीच्या पुढे, फाट्यावर उतरून शेताशेतानं थोडं चाललं की लागतं. नाव सांगत नाही, प्रकरण कोर्टात आहे. मॅडम राहतात वर्ध्याला लागून सिंदी मेघेत. तिथून दोन बस बदलून येतात. उंची बेताची, अंगावर कडक इस्त्रीची साडी आणि पायात पांढरे कॅनव्हासचे बूट. स्टाफरूममध्ये शिरताना सगळ्यांना खणखणीत जय भीम घालतात आणि खुर्चीवर बसायच्या आत कुणाशी तरी वाद सुरू करतात. पंखा कुणी लावला, खडू कुणी तोडला, चहात साखर इतकी काऊन. मला तर त्यांनी एकदा पानिपतावरून धारेवर धरलं होतं, जणू मीच हरलो होतो.

असं सगळं चाललेलं असताना संस्थेच्या सचिवांनी मीटिंग बोलावली. सचिवांना सगळे भाऊसाहेब म्हणतात. भाऊसाहेब गोड बोलतात, आणि ते गोड बोलायला लागले की आम्ही खिसे चाचपतो. त्या दिवशी ते फारच गोड बोलले. कॉलेजात मुलं उरली नाहीत, संस्थेला मनापासून दुःख होतंय, पण या वर्षापासून कॉलेज बंद करावं लागेल. तुम्हा सगळ्यांचं इतर कॉलेजांमध्ये समायोजन होईल, म्हणजे नोकरी कुणाची जाणार नाही. फक्त संमती म्हणून इथे एकेक सही करा.

कॉलेजच्या जागेवर लग्नाचं लॉन होणार, ही कुजबुज गावात आधीपासून होती. आमच्या भागात शाळा मिळेल न मिळेल, पण लॉन हाकेच्या अंतरावर मिळतं. आम्ही सगळे खाली मान घालून बसलो. नोकरी वाचत होती, मग वाकडं कशाला बोला? पेन माझ्या हातापर्यंत आलं होतं, हे कबूल करायला मला लाज वाटत नाही. थोडी वाटते.

मॅडम उठल्या. आम्हाला वाटलं, आता भाषण. त्यांनी हजेरी घेतली.

"अध्यक्ष?" त्यांनी विचारलं. रिकाम्या खुर्चीकडे पाहिलं. "गैरहजर. उपाध्यक्ष? गैरहजर. भाऊसाहेब, कॉलेज बंद कराचा ठराव कोणी केला? तुमी आणि तुमच्या डायवरनं?"

"मॅडम, भावनेच्या भरात बोलू नका. विद्यार्थीच नाहीत तर शिकवाल कुणाला?"

"पोट्टे आहे. तुमाले दिसत नसन तं डोळे तपासा. सही मी करत नाई. आणि हे लोकंही करत नाई."

'हे लोक' म्हणजे आम्ही. आम्हाला कुणी विचारलं नव्हतं. पण भाऊसाहेबांपेक्षा आम्हाला मॅडमचा धाक जास्त, त्यामुळे पेन टेबलावर परत गेलं. पुढच्या आठवड्यात आम्ही सगळे शिक्षक उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापुढे याचिकाकर्ते झालो. संसारी माणसाला आयुष्यात असा दर्जा क्वचित मिळतो. माझी बायको महिनाभर मला याचिकाकर्तेच म्हणत होती.

आमचे वकील ढोक हे मॅडमचेच जुने विद्यार्थी. केस पांढरे झाले तरी मॅडमसमोर ते अजून मागच्या बाकावरचेच. हायकोर्टाच्या व्हरांड्यात मॅडम त्यांना सांगायच्या, "नीट उभा राह्य. आणि तोंडातल्या तोंडात बोलू नोको, जजसाहेबाले ऐकू गेलं पाह्यजे." ढोक वकील "हो मॅडम" म्हणून गाऊन सावरत आत जायचे.

कोर्टानं दोन्ही बाजू ऐकल्या आणि विद्यापीठाला सांगितलं, समिती पाठवा, मुलं खरोखर शिकतात का ते डोळ्यांनी बघून या. आम्ही खूश. मुलं होतीच. दरवर्षी मे महिन्याच्या उन्हात गावोगाव फिरून, लोकांच्या बाजेवर बसून, पोरींच्या बापांशी हुज्जत घालून आम्हीच ती गोळा केली होती. त्यातली निम्मी तर मॅडमला घाबरूनच दाखल झाली होती.

पण इथे आमच्या हातून एक घोळ झाला, आणि तो आमच्याच हातून होऊ शकत होता. कापसाची वेचणी सुरू झाली की आमच्याकडे एक रीत आहे. सकाळी लवकर दोन तास घ्यायचे आणि मुलांना वेचणीला सोडायचं. बुडालेले तास पुढे रविवारी भरून काढायचे. हे कुठल्याही नियमात नाही. पण मजुरीचे हेच दिवस, त्यावर पोरांचं वर्ष निघतं. वर्षानुवर्षं असंच चाललेलं, त्यामुळे यात काही चोरटं आहे हे आमच्या डोक्यातही आलं नव्हतं. समिती आली ती नेमकी वेचणीत, आणि तीही भर दुपारी. हा मुहूर्त भाऊसाहेबांनी काढून दिला असावा, कारण तेही समितीबरोबर गाडीतून उतरले, नवं जॅकेट घालून.

वर्ग रिकामे. व्हरांड्यात एक बकरी. समितीचे अध्यक्ष नागपूरचे निवृत्त प्राचार्य होते. त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. बकरी तेवढीच राहिली.

"काय म्हणत होतो मी?" भाऊसाहेब म्हणाले.

मी मनात म्हटलं, संपलं, आता इथे वाजंत्री वाजणार. मॅडम मात्र बुटांच्या नाड्या आवळत होत्या. "चला साहेब," त्या म्हणाल्या. "गाडी घ्या. माह्या वर्गात चला."

"वर्ग तर आम्ही पाहिला."

"खोली पाह्यली तुमी. वर्ग तिकडं आहे."

कॉलेजमागच्या वावरात त्यांनी गाडी थांबवली. दूरपर्यंत पऱ्हाटी उभी, बोंडं फुटून सगळं पांढरं झालेलं, आणि त्यात वाकलेल्या पाठी. मॅडम धुऱ्यावर चढल्या, म्हणजे शेताच्या बांधावर. पदर खोचला आणि वर्गात घेतात त्याच आवाजात सुरुवात केली, "वैशाली आत्राम!"

पांढऱ्यातून एक डोकं वर आलं. "हजर मॅडम!"

"प्रफुल्ल कांबळे!"

"हजर!"

"रोशनी भोयर!"

"हजर मॅडम! ते मंगेश पाणी प्याले गेला, त्याचीबी लावा!"

"त्याची तो लावन! तू तुह्यं पाह्य."

नावामागून नाव, डोक्यामागून डोकं. शेजारच्या वावरातूनही 'हजर, हजर' ऐकू यायला लागलं. माझे डोळे समितीला दिसू नयेत म्हणून मी तोंड फिरवलं, तर तिकडे आमचे गणिताचे सर आधीच तोंड फिरवून उभे होते.

अध्यक्षही जुने मास्तरच. त्यांनी वैशालीला जवळ बोलावून विचारलं, "बाळ, सामाजिक संस्था म्हणजे काय?" कमरेला कापसाची ओटी बांधलेली वैशाली धडाधड सांगायला लागली. कुटुंब, विवाह, धर्म, शिक्षण. मग अडली.

"अर्धंच झालं," मॅडम धुऱ्यावरून ओरडल्या. "सकाळी काय सांगतलं होतं? रविवारी पूर्ण लिहून आणजो."

"पण हे काही कॉलेज नाही," भाऊसाहेब म्हणाले. जॅकेटला पऱ्हाटीची फांदी अडकली होती, ते सोडवत होते.

"हे पोट आहे भाऊसाहेब. कॉलेज सकाळी असते. दोन्ही चालवा लागते पोट्ट्याइले. तुमी सकाळी या ना कधी."

दुसऱ्या दिवशी समिती खरंच सकाळी आली, न सांगता. वर्ग भरलेले होते.

तरी शेवटच्या तारखेला संस्थेच्या वकिलांनी कोर्टात कापसावरून बराच विनोद केला. कापसात भरणारं कॉलेज, वगैरे. मागच्या रांगेत बसलेल्या मॅडम उठून उभ्या राहिल्या. ढोक वकिलांचा चेहरा उतरला. न्यायमूर्ती म्हणाले, "तुम्ही बसा."

"बसते साहेब. पण हसून राह्यले ना हे, यायले एकच विचारा. पोट्टे कापसात दिसले म्हणून कॉलेज नाई म्हणता. मंग कॉलेज बंद केल्यावर हे पोट्टे कुठं दिसन? कापसातच ना? तवा सकाळचंही जाईन."

आणि त्या बसल्या. न्यायमूर्तींनी समज दिली की पुन्हा असं मधे बोलायचं नाही. मग समितीचा अहवाल उघडला आणि स्थगिती दिली. अंतिम निकाल लागेपर्यंत कॉलेज बंद करता येणार नाही, नवे प्रवेशही द्यायचे. केस अजून संपलेली नाही. पण कॉलेज उघडं आहे, आणि लॉन भाऊसाहेबांच्या डोक्यातच आहे.

कोर्टाबाहेर चहा पिताना ढोक वकील सहज बोलून गेले, "मॅडमचं काही समजत नाही सर. संस्थेनं त्यांना वर्ध्याच्याच कॉलेजात जागा दिली होती. घरून चालत जाता आलं असतं. आदेशसुद्धा निघाला होता, यांनी परत पाठवला."

आम्हाला यातलं अक्षरही ठाऊक नव्हतं.

संध्याकाळी आमची जीप सिंदी मेघेत थांबली. मॅडमची पिशवी द्यायला मी फाटकापर्यंत गेलो. घर नीटनेटकं, दाराला कुलूप, अंगणात एकच खुर्ची. माझ्यानं राहवलं नाही. "मॅडम, घराजवळची जागा सोडली तुम्ही? दोन बसचा हा त्रास कशाला?"

त्या किल्ली शोधत राहिल्या. मग म्हणाल्या, "गेलती मी तिथं, पाहाले. चांगले लोक आहे बाप्पा. मी म्हटलं पंखा बंद करा, त्याइनं केला. मी म्हटलं चहा गोड आहे, तं सॉरी म्हणे. दिवसभर मले कोणी उलटून बोललं नाई." किल्ली सापडली तरी त्या तशाच उभ्या होत्या. "भाऊ होता तवा रोज भांडो आमी. भाजीत मीठ जास्त, पेपर कोणी आधी वाचाचा. तो गेला. आता घरात भांडाले माणूस नाई सर. नाई सहन होत."

सांत्वन इतिहासात शिकवत नाहीत. जीपमध्ये सगळे वाट पाहत होते. मी पिशवी त्यांच्या हातात दिली आणि म्हणालो, "बरं मॅडम, उद्या पहिला तास माझा आहे. वर्ग मोकळा ठेवा."

त्यांनी झटक्यात वर पाहिलं. "तुमचा? तुमचा कसा काय? उद्या शुक्रवार आहे. शुक्रवारी पहिला माहा असते."

"टाइमटेबल बदललंय."

"कोणाले विचारून बदललं? अं? तुमी काय सोताले प्राचार्य समजून राह्यले काय?"

"समजतो. काय करणार आहात?"

शेजारच्या घरातली बाई दारात येऊन बघायला लागली. जीपवाल्यानं दोनदा हॉर्न मारला. मी हातानेच त्याला थांब म्हटलं, फाटकाला टेकलो, आणि टाइमटेबल बदलल्याची एकूण एक खोटी कारणं सांगायला सुरुवात केली.